रबराच्या हाताची पदवी

आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकावर एका मुलीचा फोटो आहे. पांढरा कोट, हातात सिरिंज, समोर टेबलावर रबराचा हात. खाली ठळक अक्षरांत: 'प्रत्यक्ष कृतीतून शिक्षण'. ती मुलगी आमच्यातली नव्हतीच, कुठूनतरी भाड्याने आणलेली मॉडेल होती. तेही एक वेळ सोडून देते. पण ते वाक्य वाचलं की अजून माझं डोकं फिरतं.

मी लॅब टेक्नॉलॉजीची पदवी घेतली. म्हणजे माणसांचं रक्त काढायचं आणि तपासायचं. ते काढायला शिकण्यासाठी अख्ख्या वर्गात तो एकच रबराचा हात. एरवी कपाटात कुलूपबंद. प्रॅक्टिकल असलं किंवा विद्यापीठाची समिती यायची असली की बाहेर निघायचा. आधीच्या सगळ्या बॅचेसनी एकाच जागी टोचून टोचून कोपराच्या खळग्यात भोकांचा काळा ठिपका पडला होता. आम्ही त्या ठिपक्यात सुई घालायचो, लाल पाणी यायचं, सर म्हणायचे, "गुड, नेक्स्ट." मला पैकीच्या पैकी मार्क पडले. कशाचे, तर आधीच पडलेल्या भोकात सुई घालण्याचे!

मग इंटर्नशिप, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. आईने देवापुढे साखर ठेवली. आम्हाला बसवलं टोकनच्या खिडकीवर. नावं पुकारा, ट्यूबवर लेबलं चिकटवा, रिपोर्ट वरच्या मजल्यावर पोचवा. हॉस्पिटलला फुकटात राबणारी पोरं मिळाली, कॉलेजला जाहिरातीत छापायला हॉस्पिटलचं नाव मिळालं. मी विभागप्रमुख मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, अजून एकाही माणसाला सुई लावली नाहीये."

त्यांनी मोबाईलवरून नजरही उचलली नाही. "अगं, एक्स्पोजर मिळतंय ना? ॲटिट्यूड पॉझिटिव्ह ठेव."

ॲटिट्यूड म्हणे. पदवी हातात पडली तेव्हा माझा ॲटिट्यूड फर्स्ट क्लास होता आणि हात कोरे होते.

दादरच्या एका लॅबमध्ये नोकरीसाठी गेले. तिथल्या इनचार्ज गिरगावच्या एक कॅथलिक बाई होत्या, केस पांढरे, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "सर्टिफिकेट ठेव बाजूला. त्या काकींचं ब्लड घे, मी बघते." काकी अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या, शुगरसाठी उपाशीपोटी आलेल्या. पट्टा बांधला, हात पुढे घेतला आणि कोपराच्या खळग्यात बघितलं. ठिपकाच नव्हता. नुसता गोरा, गुबगुबीत, जिवंत हात. मी ठिपका असायचा त्या जागी अंदाजाने सुई घातली. काही आलं नाही. पुन्हा घातली. काकी कळवळल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि वर मलाच म्हणाल्या, "असू दे बाळा, होतं असं." त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं.

इनचार्जनी सुई माझ्या हातातून काढून घेतली. काकी गेल्यावर म्हणाल्या, "नस डोळ्यांनी शोधतात काय गं? बोटाने शोधायची. दाबली की उसळते. रक्त काढता येईल तेव्हा ये परत, जागा ठेवते थोडे दिवस."

काळाचौकीला घरी येऊन मी बॅग आपटली आणि कॉलेजच्या नावाने शंख केला. आई मिक्सरवर खोबऱ्याचं वाटप वाटत होती. तिने मिक्सर बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"रडतंस कित्याक? ह्यो घे हात."

मी नाही म्हटलं. ती उठेचना. शेवटी मेडिकलमधून नव्या सुया आणल्या. आई खिडकीकडे तोंड करून बसायची आणि मी डोळे मिटून बोटाने नस चाचपायचे, मग डोळे उघडून सुई घालायचे. चुकायचे. पुन्हा बोट ठेवायचे. हा हात दुखला की ती दुसरा पुढे करायची. दोन्ही कोपरांशी काळेनिळे डाग पडले. उन्हाळ्यात, शेजारच्या लग्नात, ती लांब बाह्यांचं ब्लाउज घालून घामाघूम होऊन बसली होती. विद्यापीठाचं काम माझ्या आईच्या अंगावर झालं.

दादरच्या त्या लॅबमध्ये मी आता कायम आहे. गेल्या महिन्यात कॉलेजने बोलावलं, नव्या मुलांपुढे बोलायला. स्टेजवर मॅडम माइकवर सांगत होत्या, "ही बघा, आमच्या हँड्स-ऑन ट्रेनिंगचं फळ." समोर मुलं आणि नटूनथटून आलेले त्यांचे आईबाप.

मी माइक घेतला. म्हटलं, "बोलत नाही, करूनच दाखवते. जिवंत हातावर. सामान आमच्या लॅबमधून मागून आणलंय." आणि स्टेजवरच्या खुर्च्यांकडे वळले. "मॅडम, तुम्हीच या ना. बाही वर करा."

प्रॅक्टिकलचे सर घड्याळ बघायला लागले. मॅडम हसल्या, मग हसू गेलं. उठून जवळ आल्या, माझ्या हातातल्या माइकवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "वेडी आहेस का? मला सुईची किती भीती वाटते."

"माझ्या आईलाही वाटते, मॅडम."

हाताने झाकला तरी माइक चालूच होता. सगळ्या हॉलने ऐकलं.