सात पेले, एक जुळं

आमच्या घरातल्या साबणाला वास नाही. पावडरीला नाही, केसांच्या तेलाला नाही, कपडे धुण्याच्या चुऱ्यालाही नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हिने माझी अत्तराची बाटली शेजाऱ्यांना देऊन टाकली आणि वर मलाच विचारलं, "राग नाही ना आला?" आला होता. दिवसभर वंगणात आणि डिझेलमध्ये हात घालणारा मी फिटर, अत्तर ही माझी एकुलती एक चैन होती. कच्चा कांदा घरात यायचा तो फक्त शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी हिला सुट्टी. माझी आई म्हणायची, "नाकाने कांदे सोलणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण नाकापायी कांदाच बंद करणारी सून मला मिळायची होती."

हिचं नाक म्हणजेच हिची नोकरी. आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो. कंपनी अमेरिकेतून व्हिस्की आणायची, बहुतेक बर्बन, आणि बाटल्यांत भरून विकायची. बर्बन म्हणजे निम्म्याहून जास्त मक्याची, आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरलेली व्हिस्की. राय म्हणून दुसरी असते, ती राय नावाच्याच धान्याची आणि जरा तिखट स्वभावाची. हे सगळं मला हिनेच शिकवलं; मी स्वतः आयुष्यात थेंब घेतलेला नाही. मी खाली बाटल्या भरायची यंत्रं दुरुस्त करायचो आणि ही वरच्या मजल्यावर, ज्या खोलीला सगळे नुसतं 'वरची खोली' म्हणायचे, तिथे बसून कुठलं पिंप घ्यायचं, कुठलं परत पाठवायचं, कुठलं कशात मिसळायचं हे ठरवायची. खालचे लोक हिला नाकबाई म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात.

आणि ही पीत नसे. घोट तोंडात घोळवायचा आणि पितळी भांड्यात थुंकायचा. ते ऐकून आईचा जीव भांड्यात पडला. मग ती सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगायची, "पिऊन घर बुडवणारे गल्लोगल्ली आहेत. थुंकून घर चालवणारी आमचीच."

हिला हे काम शिकवलं ते बुवांनी. बुवा म्हणजे वरच्या खोलीतले आधीचे मुख्य परीक्षक, अंगाने काटकुळे, कायम सर्दी झाल्यासारखे दिसणारे, आणि नाक असं की जिना चढणाऱ्या माणसाने सकाळी काय खाल्लं ते दार उघडायच्या आत सांगायचे. त्यांनी पहिलं वर्षभर हिला व्हिस्कीच्या जवळही जाऊ दिलं नाही. लाकूड हुंग म्हणाले. ओलं लाकूड, वाळलेलं लाकूड, जाळून विझवलेलं लाकूड. मग मका, कच्चा आणि भाजलेला. मग साखर, करपायच्या आधीची आणि करपल्यानंतरची. ही घरी येऊन खुर्चीचे पाय हुंगायची. मी एकदा विचारलं, "खुर्ची पसंत असेल तर घेऊन टाकू का गं?" त्यावर ही दोन दिवस बोलली नाही. हिच्या नाकावर फक्त वास नाही, रागही असायचा.

बुवांचा एक नियम होता. रोज सकाळी नमुनेवाला टेबलावर सात पेले मांडायचा, निळ्या काचेचे, म्हणजे आतला रंग दिसून मन आधीच ठरायला नको. वर काचेची झाकणं. सगळ्यांत पाणी घालून दारूचा जोर सारखा केलेला. पेले सात, पण व्हिस्क्या सहाच. एक व्हिस्की दोन पेल्यांत असायची. कुठल्या दोन, ते फक्त नमुनेवाल्याला ठाऊक. त्याला म्हणायचे जुळं. आधी जुळं शोधायचं, मगच बाकीच्यांबद्दल बोलायचं. एकाच व्हिस्कीला तुम्ही दोन वेगवेगळ्या म्हणालात, तर त्या दिवशीचं तुमचं मत कचऱ्यात. कोणी चिडवायचं नाही, कोणी विचारायचं नाही. एकदा खुद्द बुवांना जुळं सापडलं नाही. ते उठले, आपले पेले आपल्या हाताने विसळले, "आज मी बंद," म्हणाले आणि घरी जाऊन झोपले. तोंड एवढंसं न करता स्वतःला नापास करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. ही मात्र त्यांच्याहून पुढची निघाली. बुवा गेल्यावर ती खुर्ची हिला मिळाली, आणि जुळं हुकलं असं हिच्या बाबतीत कोणाला आठवतच नाही.

मला त्या खोलीत जायची बंदी होती, माझ्या वंगणाच्या वासामुळे. फक्त एकदा हवा खेचणारा पंखा अडकला म्हणून मला आत घेतलं, तेही अंघोळ करून. पंखा सुटला, पण ही काम करत होती म्हणून मी शिडीवरच बसून राहिलो. तेव्हा पहिल्यांदा मी माझ्या बायकोला कामावर पाहिलं. झाकण काढायची, पेला हनुवटीजवळ धरायची, डोळे मिटायची. काही करत नव्हती. कोणी हाक मारेल म्हणून वाट बघत बसावं तशी बसली होती. मध्येच स्वतःच्या मनगटाचा वास घ्यायची, नाक ताजं करायला. मला भीतीच वाटली. घरात माझ्या शर्टाची बटणं लावणारी बाई ही नव्हे, असं वाटलं. मोठ्या माणसासमोर उभं राहिल्यावर छाती दडपते, तशी माझी छाती दडपली होती, आणि ती माझीच बायको होती!

काम संपल्यावर हिने मला शिडीवरून खाली बोलावलं आणि एक पेला पुढे केला.

"कसला वास येतोय?"

"दारूचा."

"अहो, नाक खुपसू नका पेल्यात. लांब धरा. तोंड जरासं उघडं ठेवा. ओढू नका, येऊ दे त्याला."

मी तसं केलं. आधी काही नाही. मग अचानक माझे वडील आले. वडील सुतार होते. रंधा मारताना जी पातळ साल निघते, ती मी लहानपणी कानाला गुंडाळायचो, तिचा वास. मी पेला खाली ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. ज्या देशात मी कधी पाऊल टाकलं नाही, तिथल्या कोणीतरी मका आंबवला, पिंपात भरला, आणि त्यात माझे वडील कसे सापडले? ही म्हणाली, "हे मी रोज करते."

त्याच वर्षी तिकडून कोवळ्या पिंपांचे नमुने आले होते. चार वर्षांची बर्बन, अजून धड मुरलेली नाही. सगळ्यांनी नाकं मुरडली. हिने कंपनीच्या मालकीणबाईंना सांगितलं, ही पिंपं आपल्या नावाने धरून ठेवा, तिकडेच राहू द्या, आणखी आठ वर्षं थांबा. मालकीणबाई हिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. पिंपं थांबली. ही घरी कधीमधी त्यांची आठवण काढायची, बाहेरगावी शिकायला ठेवलेल्या पोराची काढावी तशी. "कच्चा मका होता हो नुसता. आणि ओल्या फळीचा वास. पण तळाशी काहीतरी होतं. काय होईल त्याचं, बघायचंय मला."

ती पिंपं यायची त्या वर्षी हिला ताप आला. साधाच ताप, चार दिवसांत उतरला. सकाळी मी चहा दिला, तर कप हातात धरून ही बसूनच राहिली.

"अहो, यात काहीच नाहीये."

"साखर कमी पडली का?"

"साखर आहे. चहा नाहीये."

मी नाही नाही ते केलं. कांदा फोडून आणला. वंगणाचा बोळा नाकाशी नेला. "काही येतंय?" ही म्हणाली, "तुम्ही दिसताय." हसलो दोघंही, पण मला रात्री झोप लागली नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही, वेळ द्या. काही आठवडे गेले. एकदा दूध उतू गेल्याचं हिला कळलं, तेव्हा ही लहान मुलीसारखी स्वयंपाकघरातून ओरडत आली. मग धूर कळू लागला. पण फुलं नाहीत, फळं नाहीत, लाकूड नाही. ही कोणाकडे रडली नाही, माझ्याकडेही नाही. खुर्चीच्या पायाशी वाकलेली मात्र मी हिला दोनदा पाहिली, आणि दोन्ही वेळा पाऊल न वाजवता मागे फिरलो.

पिंपं आली. मालकीणबाईंचा निरोप आला, कधी येताय? हिने उलटा निरोप धाडला: सात पेले मांडा. जुळं सापडलं तर खुर्चीत बसेन, नाहीतर नाही.

त्या सकाळी मालकीणबाईंनी मलाही वर बोलावलं. "आत या, फिटरसाहेब, पण भिंतीला चिकटून उभे राहा." नमुनेवाल्याने पेले मांडले. सातांपैकी एकात हिच्या त्या पिंपांतली बर्बन होती, आता बारा वर्षांची झालेली.

हिने पहिलं झाकण काढलं, डोळे मिटले आणि वाट पाहिली. मला शिडीवरचा तो दिवस आठवला. तीच बाई, तेच बसणं. पण या वेळी हाक येत नव्हती, हे मला हिच्या मानेवरून कळत होतं. दुसरा पेला, तिसरा. मग ही घोट घेऊ लागली. घोळवायची, थुंकायची, जिभेची कड दातांवरून फिरवायची. पुन्हा पहिल्यापासून. खोलीत कोणी पायही हलवला नाही. शेवटी हिने दोन पेले पुढे सरकवले. दुसरा आणि पाचवा.

नमुनेवाल्याने मालकीणबाईंकडे पाहिलं आणि तो जवळजवळ ओरडलाच, "बरोबर! बाई, बरोबर!"

मालकीणबाई उठून टाळ्या वाजवायला लागल्या. मीही भिंत सोडली. ही मात्र उठून उभी राहिली आणि खुर्ची नीट टेबलाखाली सारली.

"जुळं सापडलं," ही म्हणाली, "पण नाकाने नाही सापडलं. लाकूड जिभेच्या कडेला तुरट लागतं ना, ते दोन्हीकडे सारखं लागलं. वास मला एकाचाही आला नाही."

"मग काय बिघडलं?" मालकीणबाई म्हणाल्या. "उत्तर बरोबर आलं ना?"

"आज आलं. उद्या एखाद्या पिंपाला बुरशीचा वास असेल, तर जीभ तो सांगणार नाही. मी 'चांगलं आहे' म्हणेन आणि तुम्ही भराल."

"अहो, पण हे तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलंही नसतं."

"मला कळलं ना."

हिने सातही पेले स्वतः विसळले, एकेक करून, आणि पालथे घातले. मोठ्या यंत्राचा पट्टा तुटतो तेव्हा खाली शंभर माणसं गप्प होतात, तशी ती खोली गप्प होती. मला वाईट किती वाटलं ते सांगता येणार नाही, पण खरं सांगतो, त्याहून जास्त अभिमान वाटला. जी खुर्ची हिची होती, जी कोणी परत मागत नव्हतं, ती हिने सोडून दिली. निघताना मालकीणबाईंनी हिच्या हातात एक छोटी बाटली ठेवली. वर काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

बाटली आठवडाभर कपाटात होती. मी विचारलं नाही. रविवारी सकाळी हिने टेबल पुसलं, एक निळा पेला काढला, बोटभर ओतलं, त्यात थोडं पाणी घातलं आणि झाकण ठेवलं.

"बसा."

"मी?"

"चहा प्यायला नाहीत ना अजून? मग बसा. सांगा मला."

"अगं, मला काय कळतं! मी दारूचा वास येतोय म्हणेन."

"तोंड जरासं उघडं ठेवा," ही म्हणाली. "ओढू नका. येऊ दे."

मी डोळे मिटले. सकाळी दहा वाजता नवऱ्याला दारू हुंगायला लावणारी बायको जगात ही एकच असेल, पण मला हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती की काहीच येणार नाही. मी वाट पाहिली. मग आलं.

"बाबांचा रंधा," मी म्हणालो. "पण लाकूड ओलं नाही आता. उन्हात पडलेलं आहे."

"अजून."

"साखर. करपायच्या जरा आधीची. आणि... चामड्याचा पट्टा असतो ना, जुन्या यंत्राचा, गरम झालेला."

ही हसली. "हे बुवांनी कधी म्हटलं नसतं. अजून. मका?"

मी पुन्हा वास घेतला. शोधला. खोटं सांगून हिला खूश करावं असं मनात आलं, पण या बाईसमोर कसलं खोटं बोलणार मी?

"मका नाहीये गं."

हिने हात मांडीवर ठेवले. मी पेला लांब धरला आणि तसाच बसून राहिलो. ओढलं नाही. ही बघायची तशी, इतका वेळ मी आयुष्यात कशाची वाट पाहिली नव्हती.

"थांब," मी म्हणालो. "आहे. बाकी सगळं निघून गेल्यावर येतोय. अगदी तळाशी. कच्चा."

ही पुढे वाकली आणि पेल्यासकट माझा हात दोन्ही हातांनी धरला.

"आहे ना अजून?" ही म्हणाली. "सांगा ना, कसा आहे?"