तपासणीपुरती जाळी

“हात वर कर रे,” साहेब मराठीत म्हणाले. मी केले. मग कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “बघा, दहाही बोटं शाबूत. निरीक्षकाचा जाच नाही, तरीही!” पाहुण्यांनी हसून टाळ्या वाजवल्या, मालकानं सगळ्यांत मोठ्यानं. बाजारात बैलाचे दात बघतात, तेव्हा निदान टाळ्या वाजवत नाहीत.

कलकत्त्यात, खिदिरपुरातला डब्यांची झाकणं कापणारा कारखाना. सत्तरचं दशक. शहरभर टाळेबंदी, बेकारांच्या झुंडी. त्यावर उपाय म्हणून नवा नियम निघाला: कारखान्याची तपासणी मालकाला आधी कळवूनच करायची. जाच कमी झाला की धंदा वाढेल, धंदा वाढला की नोकऱ्या. साहेब त्याच तपासणी खात्यातले, महाराष्ट्रातून बदलीवर आलेले. माझे वडील त्यांच्या कचेरीत शिपाई. मराठी मंडळाच्या गणपतीत साहेब आरती करत, वडील मांडवाबाहेर चपला राखत.

तपासणीची तारीख कळली की पत्रा कापणाऱ्या प्रेसवर लोखंडी जाळी चढायची. निरीक्षक चहा पिऊन गेला की उतरायची. जाळीनं बोटं वाचतात, पण काम मंदावतं. नोकऱ्या वाढल्या, हे मात्र खरं. माझ्या प्रेसवर आधी हरिपददा होता. झाकणाबरोबर त्याची चार बोटं कापली गेली आणि जागा निघाली. सरकारदरबारी ती नवी नोकरी ठरली. ती साहेबांच्या शब्दावर मला मिळाली.

त्या दिवशी पाहुण्यांची पाठ वळताच सरदारानं, म्हणजे मुकादमानं, जाळी काढली. “चल, हात चालव.” साच्याच्या कडेला हरिपददाचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

“जाळी लावा,” मी म्हणालो. मोठ्यानं. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत. पाहुणे थांबले.

मालकाची थप्पड कानशिलावर बसली. साहेब मराठीत पुटपुटले, “तुमच्या जातीला वर काढलं की हेच होतं.”

मी घण उचलला. पहिला घाव विजेच्या पेटीवर. ठिणग्या, काळोख, किंचाळ्या. दुसरा प्रेसच्या चाकावर. तिसरा उगारला, तेवढ्यात सरदाराची सळई तोंडावर आली. दात तिथंच पडले. मालकानं पोलीस बोलावले नाहीत. पोलीस आधी कळवून येत नाहीत.

घरी वडील म्हणाले, “साहेबांच्या पाया पड. माझी नोकरी जाईल रे.”

“जाईल, बाबा.” तोंडात रक्त होतं, जास्त बोलता आलं नाही.

सकाळी कारखान्यावर गेलो. सियालदह स्टेशनवर उतरून कामाच्या शोधात आलेली पोरं माझ्या जागेसाठी रांगेत उभी होती. मी फाटकाला पाठ लावली.

“जाळी कायमची बसेपर्यंत कुणी आत जायचं नाही.”

“आणि आमचं पोट काय तू भरणार, दादा?” एकानं विचारलं. रांग हसली.

“नाही. आत जायचं तर मला पाडून जा. मी उठेन, आणि उद्या पुन्हा आडवा येईन.”