कमानीखालचा फोटो

मंडळी, आज दुपारची गोष्ट सांगतो.

आमच्या नगरपालिकेतले तात्या आज रिटायर झाले. फेटा बांधला, शाल-नारळ दिला, आणि रिवाजाप्रमाणं बँड लावून जीपमधनं त्यांना घरी सोडायला निघालो. गावाच्या नव्या कमानीखाली मी जीप थांबवली. म्हटलं, "तात्या, उतरा. हितं झकास फोटो यील."

तात्या उतरेनात. "हितं नगं रं. ह्या कमानीत माझी पेन्शन घातलीया."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण पेन्शनसाठी दर महिन्याला पगारातनं कापलेले पैसे त्यांच्या खात्यात भरलेच नव्हते. आज हार घालायच्या आधी साहेबांनीच त्यांना सांगितलं, "कमानीला कमी पडले, म्हणून तात्पुरते वळवलेत. अनुदान आलं की भरू."

"आवं तात्या, मग फेटा कशाला बांधून घेतला?"

"काय करू गड्या? सून ओवाळायला ताट घेऊन दारात उभी हाय."

माझा पगारही त्याच ऑफिसातनं होतो. स्लिपवर कपात दिसते, म्हणून मी आजवर खातं उघडूनच बघितलं नाही. आता मोबाईल हातात घेऊन बसलोय, पण धाडस होत नाही.

तुम्ही बघितलंय का तुमचं?