गवतवाली मोठमाय

चारचौघांत खाजवायचं नाही, हा मोठमायचा कायदा होता. बोलता बोलता ती एकदम उठायची, दाराआड जायची, बांगड्या वाजायच्या आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत येऊन बसायची. आम्ही पोरी हसायचो. सुरतेत नवागामला तिच्या खोलीची आणि आमच्या खोलीची भिंत एकच. नात्याची कुणी नव्हती, पण खानदेशातून आलेली आमची सगळी गल्ली तिला मोठमायच म्हणायची.

बमरोलीच्या खाडीकाठचं गवत कापून ती देवळापाशी पेंढ्या घेऊन बसायची. दर्शनाला येणाऱ्या गुजराती बायका पेंढी घेऊन तिथल्याच गायींना घालत. पुण्य त्यांना, गवत गायींना आणि खाज मोठमायला, असं मी म्हणे आणि ती मला विळा दाखवी. कापता कापता भाऱ्यावरच बसून तंबाखू मळायची तिची सवय. पावसाळ्यात कमरेला, परकराची नाडी काचते तिथे, बारीक लाल पुटकुळ्या उठत. किती सांगितलं, गवतावर बसू नको, घरी आलीस की लुगडं बदल. ऐकेल ती मोठमाय कसली! "गवतमा किडा ऱ्हातसच. त्यासनं घर शे ते," म्हणायची आणि खोबरेल चोळायची. तेही दार लावून.

गेल्या पावसाळ्यात तिला ताप भरला. अंगावर पुरळ दिसलं आणि गल्लीने निकाल दिला, माता आली. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा, उशाशी कडुलिंब, घरात फोडणी बंद आणि मातेला चालत नाही म्हणून औषधही बंद. सगळ्यांनी अगदी जीव लावून केलं. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

मी सगळ्यांशी भांडून तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. म्हणाला, गवतातली अगदी बारीक कीड चावून असा ताप येतो, चावते तिथे काळी खपली धरते. अंगावर कुठे आहे का? मोठमायने पदर घट्ट ओढला. "नही. मले काही व्हयेल नही." पडद्याआड नेऊन मी विचारलं, तर माझ्यावरच डाफरली, "पोरी, लाज शे का नही तुले?" रक्त तपासायलाही ती थांबली नाही. तशीच तापात घरी आली आणि कडुलिंबाच्या पाल्यावर पडून राहिली.

शुद्ध हरपली तेव्हा तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं. नर्सने आणि मी मिळून तिचे कपडे बदलले. नाडी सोडली तर खाली खपली. विडीचा चटका बसावा तशी, काळी, एवढीशी. ही खपली खाजत नाही, दुखतही नाही, असं नर्स म्हणाली. जन्मभर जे खाजलं ते मोठमायने दाराआड नेलं, आणि या खपलीने तर तिला दाराआड जायला उठवलंसुद्धा नाही. औषध लगेच सुरू केलं. साधंच औषध होतं, पण फार उशीर झाला होता. मोठमाय गेली.

शेवटची आंघोळ घालताना मी बायकांना चादरी आडव्या धरायला लावल्या. तेवढं तरी तिच्या मनासारखं झालं.

आता गल्लीत कुठल्याही बाईला ताप आला की मी आधी दार लावते, कडी घालते आणि म्हणते, "सोड नाडी, बघू दे." बायका लाजतात, मला निर्लज्ज म्हणतात. मोठमायनेही तेच म्हटलं असतं. ते म्हणायला ती असायला हवी होती.