फिनेलकाकांची माशांची टाकी

निवृत्त स्वच्छता निरीक्षकांना सगळी गल्ली फिनेलकाका म्हणायची, अर्थात पाठीमागे. जंतूंशी लढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. घरात जंतू म्हणजे त्यांना इभ्रतीवर घाला वाटे. त्यांनी हौसेने काचेची टाकी आणली, त्याच दिवशी मासे सोडले आणि दर रविवारी सगळं पाणी ओतून फिल्टरचा स्पंज साबणाने खसाखसा घासू लागले. मासे एकामागून एक मरून तरंगू लागले.

"दुकानदाराने आजारी माल गळ्यात मारला," काका म्हणाले.

"अहो, त्या स्पंजात चांगले जंतू वाढतात," बायको म्हणाली. "माशांच्या घाणीतलं विष तेच संपवतात. त्यांना जरा जगू तरी द्या!"

"चांगले जंतू? उद्या चांगले दरोडेखोर म्हणशील!"

शेवटचा मासा गेला आणि काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. बायकोने फिल्टर चालूच ठेवला आणि मासे नसलेल्या टाकीत जंतूंना पोसायला रोज चिमूटभर खाद्य कुजायला टाकलं. पाणी आधी गढूळ झालं, मग हळूहळू नितळलं. बऱ्याच आठवड्यांनी तिने दोन मासे सोडले. ते मजेत राहिले, तेव्हा आणखी चार आणले.

काका हिंडूफिरू लागले, तसे पाहुण्यांना टाकीपुढे उभे करून सांगू लागले, "याला शिस्त लागते. एक जंतू सापडणार नाही!"

"एकटा कसा सापडेल?" बायको चहा देत म्हणाली. "लाखोंनी आहेत."