अक्काची टोपी

आमच्या खानदेशात लग्नातलं जेवण लोक आठवडाभरात विसरतात, पण टॉवेल-टोपी कुणाला मिळाली आणि कुणाची राहिली, हे नातवंडांपर्यंत पोचतं. लग्न लागण्याआधी माइकवरून एकेका घराचा पुकारा होतो. त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, की झाला मान. बायकांना आतल्या खोलीत ब्लाउजपीस मिळतो. त्याचा पुकारा आजवर मी तरी ऐकलेला नाही.

जळगावला आमच्या शेजारी एक मारवाडी काकू राहतात. मी तावातावाने हे सांगायला लागले की त्या हसतात. "आमच्याकडे सासरे गेले तेव्हा पगडी ह्यांना बांधली," त्या म्हणतात, "आणि दुकान तेव्हापासून मी बघते. ह्यांना तर पगडीच जड झाली होती." रीत वेगळी, पण घरोघरी मातीच्याच चुली.

माझी मावससासू साक्रीकडची. तिला सगळं गाव अक्का म्हणतं. नवरा गेल्यापासून कांदा, बाजरी, गुरंढोरं, बाजारहाट, सगळं तिच्याच अंगावर. पण तिच्या घराची टोपी मात्र सुरतला राहणाऱ्या पुतण्याला. कांद्याचं रोप कधी लावतात, हे त्याला विचारलं तर तो मोबाइलमध्ये बघेल. एकदा असंच एक लग्न आटोपून परतताना मी तिला विचारलं, वाईट वाटतं का? नाही म्हणाली. मग एसटीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घर मन्हं, कांदा मन्हा, नि टोपी त्याले." मला तिची दया नाही आली, राग आला. सगळ्यांचाच.

गेल्या वर्षी तिकडच्याच एका लग्नात पुतण्याची गाडी वाटेत बंद पडली. पुढच्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी होती. अक्का गेली आणि सरळ तिथे बसली. मी मागून खुणा करत होते, तिने बघितलंच नाही. बघून न बघितल्यासारखं करणं तिला छान जमतं.

मानपान करायला नवरदेवाचे मोठे काका होते. सकाळपासून टोप्या घालून घालून त्यांचे हात यंत्रासारखे चालत होते. माइकवाल्याने पुतण्याचं नाव पुकारलं, काकांनी टोपी उघडून उचलली आणि खाली पदर दिसल्यावर हात तसाच वर राहिला. शेजारचे दोघे पाहुणे एकदम आपल्या चपलांकडे बघायला लागले. बँडवालेही नेमके तेव्हाच थांबले होते. काका वळले असते, तर अक्का पुन्हा कुठल्याच मांडवात आली नसती, हे मला पक्कं माहीत होतं.

अक्का वर न बघता शांतपणे म्हणाली, "घाल भाऊ, हात दुखी ऱ्हायना व्हई तुना."

मागच्या बायकांत हशा पिकला. काकाही हसले आणि त्यांनी टोपी पदरावरूनच नीट बसवली, खांद्यावर टॉवेल टाकला.

पंचाईत झाली माइकवाल्याची. पुकारलेलं नाव चुकीचं ठरलं होतं, आणि अक्काचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. त्याने काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. मी बाईच्या मानाबद्दल जळगावभर भांडत फिरणारी, आणि लग्नाला अकरा वर्षं होऊन मलाही ते माहीत नव्हतं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

शेवटी तो माइक घेऊन तिच्याजवळच आला. तिने स्वतःचं नाव सांगितलं आणि आडनाव सांगितलं.

"आणि मधलं, अक्का?"

"बस, इतलंच शे."

त्याने तेवढंच नाव दोनदा पुकारलं, आणि लग्न लागल्यावर अक्का टोपी न काढताच पुरुषांच्या पहिल्या पंगतीला जाऊन बसली.