रविवारचे झिंगे

उकंडरावांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून चौथ्याला आईने जन्मताच उकिरड्यावर ठेवलं. तिथून आत्याने ‘सापडलेलं पोर’ म्हणून उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. टाकून दिलेल्याकडे मरणही वळून बघत नाही, अशी समजूत. ते जगले, पुढे हिवताप विभागात लागले आणि तेहेतीस वर्षं लोकांना घराजवळचे उकिरडे हलवायला सांगत फिरले. हे ते स्वतःच सांगत आणि ऐकणारा हसेपर्यंत थांबत.

लोणारला त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. नोकरी संग्रामपूरला सुरू झाली आणि इथे संपली. खांद्याला पिशवी, पिशवीत बोटाला टोचायची सुई, रक्ताच्या काचपट्ट्या आणि डासांच्या अळ्या मारायच्या औषधाची बाटली. त्यांना पाहिलं की पोरं ‘सुईवाला आला’ म्हणून पळत. पाण्यात औषध टाकताना बायका हमखास विचारत, “भाऊ, ढोराईले काही होईन त नाही?”

“काही होत नाही माय. मानसाले नाही, ढोराले नाही. फक्त अळी मरते.”

आमच्या हौदाशी उभं राहून मलाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी रुखमाबाई गेल्या. मुलगा गजेंद्र बंगळुरूला. दर रविवारी अकरा वाजता त्याचा फोन येई. जेवले का? हो. तब्येत? बरी. बरं, ठेवतो. सामाईक भिंतीमुळे मला सगळं ऐकू येई, पण ऐकण्यासारखं त्यात काही नसे. रोजची नोंद वेळेसकट करायची सवय मला मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावली. त्या नोंदींत त्यांचा रविवारचा फोन कधी तीन मिनिटांचा, कधी चार.

मग एका दिवाळीला गजेंद्र काचेची टाकी घेऊन आला. सोबत पिशवीभर पाण्यात वीस लाल झिंगे, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. तसलीच टाकी त्याच्या घरीही होती. समोरच्या गोजरबाई बघायला आल्या.

“उकंडभाऊ, आपल्या सरोवरात मासोळी जगत नाही अन तुमी काचीत झिंगे पोसून राह्यले? रस्सा कधी करता?”

“वीस झिंग्याईत तुमचा एक घास नाही भरत, गोजरबाई.”

“मंग काऊन पोसता?”

“पोरगा इचारते त्याईले.”

खरंच विचारायचा. रविवारचा फोन चाळीस मिनिटांवर गेला. उकंडराव मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवून टाकीकडे तोंड करून ठेवत आणि स्वतः बाजूला बसत. गजेंद्रला झिंगे दिसत, वडील दिसत नसत. कोणी कात टाकली, कोण शेवाळात लपलं, पालकाचं उकडलेलं पान किती वेळात संपलं, असं बोलणं चाले.

या जिवांचं नाजूकपण मला तेव्हा कळलं. नळाच्या पाण्यातली ब्लीचिंग पावडर त्यांना सोसत नाही. म्हणून अंगणात एक ड्रम; नळ आला की भरायचा, तोंडाला धोतराचं फडकं बांधायचं आणि दोन दिवस पाणी तसंच ठेवायचं. ढोरांच्या दवाखान्याच्या आवारातून बदामाची वाळलेली पानं आणून, उकळून झिंग्यांना कुरतडायला टाकीत सोडायची. एकदा तळाशी पारदर्शक, रिकामा झिंगा पाहून मी “मेला हो!” म्हणून ओरडले.

“कात टाकली वहिनी. आता दोन दिवस लपून बसन. अंग कवळं असते, कोनी पाह्यलेलं चालत नाही.”

यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसली; तीन आठवड्यांनी त्यांत डोळ्यांचे काळे ठिपके आले. गजेंद्र लहान मुलासारखा हरखला. “बाबा, पुढच्या रविवारपर्यंत पिल्लं निघतील. मी लवकर फोन करतो.” त्या आठवड्यात उकंडरावांनी टाकीसमोरून खुर्ची हलवली नाही.

पण बुधवारी त्यांना जावं लागलं. संग्रामपूरला त्यांच्या बहिणीच्या, जनकाबाईंच्या, मालकांची तेरवी होती. जाताना मला किल्ली दिली आणि कागदावर लिहून दिलं: रोज सकाळी ड्रममधलं एक तांब्या पाणी. नळाचं नाही. बाकी काही करू नये.

गुरुवारी गल्लीतल्या छकुलीचा डेंग्यूचा रिपोर्ट आला आणि दुपारी आरोग्य कर्मचारी सारिका पिशवी घेऊन घरोघर फिरली. हे काम ती उकंडरावांच्याच हाताखाली शिकली. त्यांचं फाटक मीच उघडलं. तिने ड्रममध्ये टॉर्च मारला. फडकं मधोमध खाली झुकून पाण्याला टेकलं होतं, कडेला फट पडली होती आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

“अवं माय! काकाच्याच घरी अळ्या! आता हे मी कसं लिवू?”

“लिही. ते असते तरी हेच म्हणाले असते.”

“मंग ड्रम उलटा करू?”

“नको गं. ते पाणी झिंग्यांसाठी ठेवलंय.”

तिने क्षणभर विचार केला. “मंग औषध टाकते. मासोळ्याईले काही होत नाही याच्यानं.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी कागदाबरहुकूम एक तांब्या पाणी टाकीत ओतलं. अकराच्या सुमारास झिंगे वेड्यासारखे वरखाली पोहायला लागले, काचेवर आपटायला लागले. दुपारपर्यंत एकेक आडवा झाला. अंडीवाली सगळ्यांत शेवटी गेली. आडवी पडल्यावरही तिचे पोटाखालचे बारीक पाय अंड्यांना वारा घालत होते. मी पुन्हा तिथे बसू शकले नाही. तेरवीच्या घरात फोन करून काय सांगायचं, म्हणून फोनही केला नाही.

शनिवारी संध्याकाळी ते आले. टाकीपुढे बराच वेळ वाकून उभे राहिले.

“पानी कोनतं टाकलं, वहिनी?”

“ड्रममधलंच. तुम्ही सांगितलं तेच.”

ते अंगणात गेले, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. “सारिका आलती?”

“अळ्या होत्या. घराचं नाव लिहून गेली.”

“बरं केलं तिनं.”

मी जे बोलायला नको होतं ते बोलले. “तुम्हीच म्हणाला होतात, याने काही होत नाही.”

“म्हनलो होतो.” त्यांनी हात धोतराला पुसले. “झिंगा मासोळी नाही, वहिनी. आपन नावापुरतं झिंगा मासा म्हनतो. तो किड्याच्या भावकीतला. अळी ज्याच्यानं मरते, त्याच्यानं तो बी मरते.”

रविवारी गजेंद्रची माफी मागायची म्हणून मी पावणेअकरालाच त्यांच्याकडे जाऊन बसले. फोन वाजला. मोबाईल नेहमीसारखा डब्याला टेकवलेला, समोर नुसतं पाणी.

“गेले बापू. गरमी लई झाली. मी घरी नव्हतो.”

मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं.

“ती अंडीवाली पण?”

“ते बी.”

 मग, “दुसरे पाठवू का?”

“नको. गल्लीत डेंगू हाय. पानी उघडं ठेवता येत नाही.”

“बरं.”

“बरं.”

अकरा वाजून तीन मिनिटांनी फोन संपला. त्यांनी त्याच दिवशी टाकी रिकामी केली, पुसली आणि माळ्यावर उलटी ठेवली.

पुढच्या रविवारी अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मी त्यांच्या दाराशी गेले तेव्हा उकंडराव धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसले होते, मोबाईल मांडीवर. त्यांनी आपणहून गजेंद्रला कधी फोन लावलेला नव्हता. तो कामात असतो, सुट्टीला आराम करतो, असं म्हणत.

“तुम्ही लावा की,” मी म्हटलं.

“लावून सांगू काय?”

 झिंगे असते तर हा प्रश्नच आला नसता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी पायरीवर बसून राहिले. रस्त्यावरून एक एसटी गेली. सव्वाबाराला त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून बटण दाबलं.

“बाबा? काय झालं?” गजेंद्रचा आवाज मला पायरीवर ऐकू आला, इतका तो घाबरला होता.

“काही नाही झालं.”

“मग?”

उकंडरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग आत चुलीकडे. “अंबाडीची भाजी केली होती. मीठ लई पडलं.”

“किती?”

“खाताच येत नाही इतकं.”

 मला वाटलं, आता ‘बरं’ येणार.

“आई काय करायची मग?”

“कन्या टाकायची. ज्वारीच्या, भरडलेल्या.”

“मग टाका ना.”

“हायेत का पाह्यतो,” म्हणत ते उठले आणि फोन तसाच कानाला धरून, भिंतीचा आधार घेत आत गेले. डबे उघडल्याचे आवाज यायला लागले. मी फाटक लावून घरी आले.